चुलीवरच्या ताटीवर बूट

बूट नाकाशी धरला की तो कुणाचा, ते मी डोळे मिटून सांगायची. हसायला येतंय ना? येऊ दे. भाजीवाली जुडी हुंगून सांगते ना कालची का आजची, तसंच हे. पळणाऱ्या माणसाच्या बुटात त्याचं सगळं उतरतं. काय खाल्लं, किती पळाला, खरंच पळाला का झाडाखाली बसून आला, सगळं. मोहोपाड्याच्या कंपनीत मी लई वर्षं पळणाऱ्यांचे बूट धुतले. धुतले, वास काढला, पांढरे केले. हेच माझं काम.

मला सही येते, त्याच्या पुढं नाय. नात लिवून घेतेय. मगाशी म्हणाली, "आजी, नाय नको म्हणूस, नाही म्हण." मी म्हटलं, "मी बोलते तसं लिव, नाय तर ऊठ, भात लाव." तवा लिवतेय.

आमच्या गावाच्या अंगाला कंपन्या आल्या तवा गावातले गडी आत लागले. माझा घरवाला लागला. दोन पावसाळे गेले आन तो तापानं गेला. घरात मी, माझी पोर, सासू आन धाकटा दीर. सासूला मी आत्या म्हणायची. कंपनीनं मला गेटाजवळच्या कॉलनीतली खेळाची खोली झाडायला ठेवली. रडायला येळ नव्हता, खोली मोठी व्हती.

त्या खोलीत एक लोखंडी कपाट व्हतं. पयल्याच दिवशी खेळाचं बगणारे साहेब लांब दारात उभं रायले आन बोट करून म्हणाले, "बाई, त्या कपाटाचं काय करता येईल का? मागची बाई ते उघडून गेली ती आलीच नाय."

मी कपाट उघडलं. अगं बाई गं! आत पळणाऱ्यांचे कापडी बूट कोंबलेले, ओलेच्या ओले, एकावर एक. मेलेली घूस बरी. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. मी मात्र पदर खोचला. म्हटलं, हे मी जिंकणार. खरं सांगते, भांडायला कुणी पायजेच व्हतं मला तवा. माणसांशी भांडून काय मिळतंय? वासाशी भांडले.

आता हे काम कसं ते सांगते, म्हंजे पुढचं कळंल.

लोकांना वाटतं बूट बुडवला साबणात की झालं. तसं केलं तर बूट वरून पांढरा दिसतो आन आतून तसाच घाण रायतो. वास वरच्या कापडात नसतोच. तो बसतो आतल्या पातळ तळव्यात आन नाडीखालच्या जिभेत. म्हणून आदी नाडी काढायची, जीभ भायेर ओढायची, तळवा हळू सोडवायचा. धुवायला रिठ्याचं पाणी. धुण्याचा सोडा लावला की कापड पिवळं पडतं. मंग निरगुडीचा पाला उकळून त्या पाण्यात तळवे भिजवायचे. निरगुडी आमच्याकडं बांधाबांधावर हाय, कुणाला इचारायला नको.

पण धुणं सोपं. वाळवणं अवघड. उन्हात टाकायचा नाय. बाजारात पायताणं शिवणारे एक म्हातारे बसायचे, त्यांना मी दादा म्हणायची. त्यांनी मला सांगितलं, "पोरी, कापड टिकतं गं, डिंक टिकत नाय. ऊन लागलं की तळ सुटला समज." सावलीत ठेवावा तर आमच्या पावसाळ्यात सावलीच सावली, आठ दिवस वाळत नाय, परत वास.

मंग मला भट्टी आठवली. लग्नाआदी मी चुरमुऱ्याच्या भट्टीवर कामाला व्हते. तिथं कढईत वाळू तापवतात आन त्या वाळूत चुरमुरे फुलतात. तसलीच एक भट्टी इथं ओढ्यापलीकडं पण व्हती. मी तिथं जायची, गरम वाळू फडक्यात बांधायची, लहान लहान पुरचुंड्या करून बुटात घालायची. वाळू ओल ओढते, आन वास पण ओढते. वाळू किती गरम पायजे? पुरचुंडी आपल्या गालाला लावायची. गालाला सोसली तर बुटाला सोसते. माझा उजवा गाल त्या वर्षांत कायम लाल असायचा. बाया म्हणायच्या, "पारूबाई, एकाच गालाला लाली लावतेस काय गं?"

गिऱ्हाइकं म्हणावीत तर एकेक वल्ली. कॉलनीत एक हिशेबातले साहेब व्हते, पोट मोठं. डॉक्टरनं सांगितलं रोज पळा. ते बायकोला सांगून पहाटे भायेर पडायचे आन बूट चिंब करून घरी जायचे. बायको खूश. शनिवारी बूट माझ्याकडं. मी हुंगले, तर नळाचं पाणी! घामाचा थेंब नाय. भायेरून चिंब, आतून कोरा. मी फक्त त्यांच्या बुटाला निरगुडी लावली नाय, नुसती खडूची पांढरी लावून दिली. ते म्हणाले, "बाई, लवकर झाले माझे?" मी म्हटलं, "साहेब, तुमचे बूट लई शानं हायत, घाण होतच नायत." त्यांचा चेहरा बगायचा व्हता! दुसऱ्या आठवड्यात घामाचा वास आला हो. खरंच पळायला लागले.

एक मॅडम व्हत्या, कॉलनीतल्याच. प्यांट घालून पळायच्या. गावातल्या म्हाताऱ्या बांधावर उभं राहून इचारायच्या, "हिच्या पाठी कोण लागलंय गं?" त्या मॅडम वासाला घाबरून बुटात पावडर ओतायच्या. घाम आन पावडर मिळून आत पीठ मळल्यासारखा गोळा व्हायचा. मी चमच्यानं काढायची. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, यात मीठ घातलं तर भाकरी होईल." त्या हसल्या आन मला त्यांचे जुने बूट दिले. मी घातले नायत. पण फेकलेही नायत.

आता घरचं.

आमी शेतकरी माणसं. दुसऱ्याच्या पायातलं हातात घेणं म्हंजे खाली मान. गावात बोलायचे. विहिरीवर एक बाई मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, "नवरा गेला आन सासरचं नाव पायताणात घातलं." मी घागर भरायची आन निघायची. पोराबाळांना तोंड असतं, ते भरायला बोलणारं कुणी येत नाय.

आत्या विहिरीवरच्या बाईसारखी बोलत नव्हती. ती बोलतच नव्हती. पण तिनं नेम घातला व्हता. बूट उंबऱ्याच्या आत यायचे नायत. कामावरून आले की मागच्या दारी आंघोळ करायची, लुगडं बदलायचं, मंगच उंबरा. चुलीला तवर हात लावायचा नाय. आन माझ्या हातचं पाणी आंघोळ झाल्याबिगर ती घ्यायची नाय. तहान लागली तर बसून रायची, जीभ कोरडी पडली तरी. थंडी असो, पाऊस असो, मी मागच्या दारी बादली घेऊन. मी राग केला नाय. तिचा लेक गेलेला, चूल तेवढी तिच्या हातात रायलेली. पण कामावरून दमून आलेल्या माणसाला आपल्याच घराच्या भायेर उभं रायला लागतं ना, ते बरं वाटत नाय. एवढंच सांगते.

आता दीर. नारायण भावजी. कंपनीत बदलीवर. बदलीवर म्हंजे सकाळी गेटावर उभं रायचं, कुणी कामाला आला नाय तर आत, सगळे आले तर घरी. वर्षानुवर्षं तसंच. पण पळायला वाघ. शेताच्या बांधावरून पळून पळून पाय रुंद झालेले, फावड्यासारखे. एकच खोड. जाताना सगळ्यांच्या पुढं, येताना दम संपला. त्यांच्या बुटाचा तळ बगून मी सांगायची, "भावजी, पुढंपुढं घासलाय बगा. सुरवातीला उधळता आन मंग पाय ओढता." ते म्हणायचे, "वयनी, तू बूट धू. पळायचं मी बगतो."

झेंड्याच्या दिवशी, पंधरा ऑगस्टला, आजूबाजूच्या कंपन्यांची मिळून शर्यत असायची. आमच्या गेटापासून फाट्यापर्यंत जायचं आन परत. त्या वर्षी मुंबईचे मोठे साहेब येणार व्हते. खेळाच्या साहेबांनी बदलीवाल्यांना उभं करून सांगितलं, "जो पयला येईल त्याला कायम करायचं मी वर बोललोय. पण सगळ्यांनी कंपनीचे पांढरे बूट घालायचे. अनवाणी पळणारा रेघेवर उभा रायणार नाय."

भावजी घरी येऊन नाचलेच. आत्यानं देवापुढं दिवा लावला. कायम म्हंजे काय ते आमच्या घराला सांगायला नको व्हतं. कायम म्हंजे सकाळी गेटावरून परत येणारं तोंड बगायला नको.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी भावजी शेवटचं पळून यायला गेले. पाऊस धो धो. वाटेत कुणाचा तरी सांड सुटला आन लागला त्यांच्या पाठी. भावजींनी उडी मारली ती थेट उकिरड्यात, कमरेपर्यंत. अंगणात आले तर नुसते डोळे दिसत व्हते. आत्या ओरडली, "कोण रं तू?" मी आदी बूट बगितले. चांगलं मुरलेलं शेण नाडीच्या भोकातून भायेर येत व्हतं. ते कंपनीचे बूट, त्यांच्या फावड्यासारख्या पायाला बसणारा तेवढा एकच जोड. कपाटातले बाकी सगळे मी मनात मोजून टाकले, एक पण बसला नसता.

मी बसले मागच्या दारी. रिठे, निरगुडी, परत रिठे, परत निरगुडी. दुपारपर्यंत वास गेला. खरंच गेला! मी भावजींच्या नाकाला लावला, ते म्हणाले, "वयनी, जादू केलीस." पण बूट चिंब. आन ओल्या कापडी बुटानं लांब पळलं की टाच सोलून निघते, तळवा भिजून जड होतो. फाट्यावरच बसले असते.

मी बूट फडक्यात बांधून भट्टीवर निघाले. ओढ्यावरच्या मोरीवर पोचले तर मोरी दिसेचना. पाणी वरून चाललेलं, पलीकडं भट्टीचा धूर पण नाय. म्हंजे जाता आलं असतं तरी भट्टी बंदच. परत फिरले. पडवीत बसले आन फुंकायला लागले. काय करणार? फुंकत बसले. भावजी बाजूला गुडघे धरून बसलेले. म्हणाले, "राहू दे वयनी. गेटावर उभं रायची सवय हाय आपल्याला."

ते ऐकलं आन मला वाटलं, हे बोलणं आत्यानं ऐकायला नको व्हतं. पण ती दारातच उभी व्हती.

आत्या म्हणाली, "किती येळ फुंकणार गं पारू?"

मी म्हटलं, "वाळेपर्यंत."

"तुझ्या फुंकरीनं वाळायला तू काय पवनदेव हायस?"

असं म्हणून ती पुढं आली, खाली वाकली आन दोन्ही बूट उचलले. तिच्या हातानं! मी उठलेच. ती उंबरा ओलांडून आत गेली. देवाच्या समोरून गेली. आमच्या चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली व्हती, पावसाळ्यात सरपण, बियाणं, सुकी मासळी असं सगळं धुराला ठेवायला. आत्यानं लाकडं बाजूला सारली आन बूट तिथं ठेवले, तोंड खाली करून.

मी दारातून म्हटलं, "आत्या, चूल हाय ती."

"चूल माझी हाय. मला माहीत नाय व्हय?"

"विटाळ..."

"इस्तवाला विटाळ नसतो. तू भायेर काय उभी रायलीस? भाताचं तूस आण. लाकडाचा जाळ मोठा होतो, ते तुझं रबर का काय ते वितळंल."

म्हंजे तिला माहीत व्हतं! रबराचं, डिंकाचं, सगळं. इतकी वर्षं मी पोरीला सांगायची ते ती ऐकत व्हती. मी तशीच, आंघोळ न करता, तूस घेऊन आत गेले. चुलीपाशी बसले. आमी दोघी तुसाची मंद आग करत बसलो. मी ताटीवर हात घालून पुरचुंडीसारखी बुटाची ऊब गालाला लावून बगायची, आन आत्या इचारायची, "सोसतं का?" मी म्हणायची, "सोसतं." संध्याकाळी आमी भाकऱ्या पण त्याच चुलीवर केल्या, वर बूट, खाली भाकरी.

सकाळी बूट खाली काढले. कडकडीत वाळलेले, हलके, ऊनऊन! तळ जागच्या जागी. मी खडू भिजवून पांढरे केले. आनंदानं नाकाशी धरले.

बोंबील!

रात्रभर ताटीवर बुटांच्या शेजारी बोंबलाची माळ. उकिरड्याचा वास काढला आन धुरकट बोंबलाचा बसला. माझ्या हातून गेलेला बूट कदी वास मारत नसे, आन आज मुंबईचे साहेब यायचे व्हते. धुवायला येळ नाय. भावजींनी हातात घेतले, हुंगले आन म्हणाले, "वयनी, हे पायात घालू का भाताबरोबर घेऊ?"

आत्या म्हणाली, "वाळलेत ना? मंग पळ मुकाट."

मी पण गेले शर्यतीला. सगळा रस्ता माणसांनी भरलेला, झेंडा वर, पाऊस नेमका थांबलेला. रेघेवर भावजींच्या शेजारी दुसऱ्या कंपनीचा एक वॉचमन, पलटणीतून आलेला, दर वर्षी तोच पयला. त्यानं नाक वर करून इकडं तिकडं बगितलं. म्हणाला, "ये बास किधर से आ रहा है?" भावजी म्हणाले, "खाडी से."

शिट्टी झाली. भावजी उधळले, नेहमीसारखे सगळ्यांच्या पुढं. मी कपाळाला हात लावला. फाट्याकडं गेले तवा पुढं, पण आमी गेटावर उभं, फाट्यावर काय झालं ते मला नंतर कळलं. तिथं सुक्या मासळीवाल्या बाया बसायच्या, आन त्यांच्या भोवती कुत्री. भावजींचा दम तिथंच संपायला आलेला, वॉचमन मागून आला आन पुढं गेला. भावजी वळले, आन कुत्र्यांना वास गेला.

आमाला दिसलं ते असं. वळणावरून पयला वॉचमन आला. मंग त्याच्या मागं भावजी, आन भावजींच्या मागं कुत्री, सगळी फाट्यावरची! भावजींचे डोळे भायेर आलेले, तोंड उघडं, आन पाय, काय सांगू तुमाला, पाय जमिनीला लागत नव्हते. येताना दम संपतो म्हणे! कुठला दम आन कुठलं काय. लोक ओरडायला लागले, "नाऱ्या, कुत्रा! नाऱ्या, कुत्रा!" मी पण ओरडत व्हते, भावजी म्हणायचं इसरले, "नाऱ्या पळ रं, नाऱ्या पळ!" डोक्यावरचा पदर कुठं, मी कुठं. वॉचमननं मागं वळून बगितलं, तेवढ्यात भावजी त्याच्या बाजूनं सुसाट पुढं. रेघ ओलांडली तरी थांबले नायत. सरळ खेळाच्या खोलीत शिरले आन आतून कडी लावली.

वॉचमन हात करून सांगत व्हता, "साब, इसने कुत्ते लगाये!" मुंबईचे मोठे साहेब इतके हसले की खुर्चीचा हात धरला. म्हणाले, "इसको कायम करो. कुत्तों को भी कायम करो."

मी खोलीच्या दारावर थाप मारली. "भावजी, उघडा. गेली कुत्री." आतून आवाज आला, "बूट आदी घेऊन जा, मंग उघडतो." दार जरासं उघडलं, बूट भायेर आले. मी ते उचलले आन घराकडं पळत सुटले. या वयात नाय, त्या वयात. पण मी कदी पळाले नव्हते. एका हातात बूट, दुसऱ्या हातात लुगड्याच्या निऱ्या. बांधावरून पळाले.

बुटाच्या टाचा मी वाटेतच बोटं घालून बगितल्या. कोरड्या व्हत्या. रक्ताचा डाग नाय.

पुढं भावजींनी त्याच कंपनीत केस पांढरे केले. मी हात दुखायला लागले तवर बूट धुतले. नंतर रंगीत, जाड तळाचे बूट आले, त्यांना वाळू चालत नाय, निरगुडी पण लागत नाय, डबीतून काय तरी फुसकन मारतात. मोरी बुडवायचे ते ओढे पण आता तसले नायत. वाईट वाटतं ते एवढंच की आता बूट हुंगून माणूस ओळखता येत नाय, सगळ्यांना एकच वास.

पण त्या दिवशीचं सांगायचं रायलं.

मी अंगणात आले तर आत्या पडवीत उभी. सकाळपासून वाट बगत असणार, काय खाल्लं नव्हतं, पाणी पण घेतलं नव्हतं. मी लांबूनच ओरडले, "आत्या, कायम! भावजी कायम!"

ती मटकन खाली बसली. भिंतीला टेकली. मंग हात पुढं केला.

"पाणी दे मला, पारू."

मी म्हटलं, "देते. आंघोळ करून आले."

"पाणी दे म्हटलं ना."

माझ्या एका हातात बूट व्हते. खाली ठेवायचं सुचलं नाय. दुसऱ्या हातानं माठातून तांब्या भरला, तसाच तिच्यापुढं धरला. बोंबलाचा वास येतच व्हता. आत्यानं दोन्ही हातांनी तांब्या धरला आन एका दमात सगळं पाणी प्याली.